ठकीची डावी बाजू

"दोन्ही डोळं उघडं ठेवा, भाऊ." असं म्हणत आबा माझ्या डाव्या खांद्यावर बोटानं टकटक करायचे. त्या बोटाला कच्च्या मांसाचा आणि फिनेलचा वास यायचा. कॅमेरा डोळ्याला लावला की माझा डावा डोळा आपोआप मिटतो. तुम्ही फोटो काढणारी माणसं बघा, बहुतेकांचा मिटतोच. आबांना मात्र ते मुळीच खपायचं नाही.

आमच्या मावळातल्या एका छोट्या प्राणिसंग्रहालयात आबा बिबट्यांकडे कामाला होते. मूळचे जवळच्याच औंढे गावचे. टोपी कायम डाव्या भुवईपर्यंत ओढलेली. माझा लोणावळ्यात स्टुडिओ आहे. पूर्वी मी भुशी धरणावर भिजलेल्या जोडप्यांचे फोटो काढून जागेवर द्यायचो. मोबाइल आले आणि जोडपी स्वतःची सोय स्वतःच बघायला लागली. त्यामुळे संग्रहालयाच्या साहेबांनी बिबट्यांचे फोटो काढाल का असं विचारलं, तेव्हा मी लगेच हो म्हटलं. नोंदीसाठी प्रत्येकाच्या चेहऱ्याचा एक आणि दोन्ही कुशींचा एकेक फोटो हवा होता, कारण दोन कुशींवरचे ठिपके सारखे नसतात. दोन दिवसांत उरकेल असं मला वाटलं.

पिंजऱ्यामागच्या अरुंद बोळात आम्ही उभे राहायचो. गजांपासून हातभर अंतर. पहिल्याच दिवशी ठकी नावाची मादी इतकी जवळ आली की तिच्या श्वासानं लेन्सवर वाफ धरली. आबांनी माझी कॉलर धरून मला मागं ओढलं.

"भ्यालात?"

"छे."

"मग घरी जावा. ज्याला भ्या वाटत न्हाई त्याचं हितं काम न्हाई."

भ्यायलो असं कबूल केलं, तेव्हा कुठे त्यांनी मला राहू दिलं. त्यांचे नियम तीन. ओरडायचं नाही, पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही.

ठकी उसात सापडलेलं पिल्लू. आबांनीच तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. तिला ते ठकूबाई म्हणायचे, पण मोठी झाल्यापासून त्यांनी तिला कधी हात लावला नव्हता. "माया लय हाय," ते म्हणायचे, "पन इस्वास न्हाई. तिचाबी माज्यावर नसंल."

बाकीच्या बिबट्यांचे फोटो झाले. ठकीचे होईनात. ती येऊन आबांच्या डाव्या बाजूला, त्यांच्याकडे तोंड करून गजालगत बसायची. त्यामुळे मला दरवेळी तिची उजवीच कूस मिळायची.

"आबा, तिला जरा इकडून बोलवा की."

"यायची न्हाई. ह्याच हातावर घिऊन पाजलंय तिला." त्यांनी डावा हात दाखवला. "तवापासनं तीच जागा तिची."

हे सांगताना त्यांचा चेहरा इतका खुलला की मी हट्ट सोडला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टुडिओत बसून सगळे फोटो पुन्हा पाहिले. एखाद्यात तरी डावी कूस सापडेल अशी आशा होती. सापडली नाही, पण बऱ्याच फोटोंत कडेला आबाही आले होते आणि दुसरंच काही दिसलं. आबांनी जागा बदलली की ठकीही जागा बदलत होती, आणि प्रत्येक वेळी त्यांच्या डावीकडेच जात होती. एका फोटोत आबा माझ्याकडे वळलेले असताना चुकून फ्लॅश उडाला होता आणि त्यावरून मी आबांच्या शिव्याही खाल्ल्या होत्या. तो मी मोठा करून पाहिला. ठकीचे डोळे हिरवे चमकत होते. टोपीखाली आबांचा उजवा डोळा काळा होता आणि डाव्यातली बाहुली दुधासारखी पांढरी. माझ्या आईच्या डोळ्यात असाच मोतीबिंदू पिकला होता. आबांना त्या बाजूनं दिसत नव्हतं, आणि हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. ठकीला ठाऊक होतं.

मी आबांना फोन लावला. बंद होता. फोटोची प्रिंट काढून खिशात घातली आणि सकाळी संग्रहालय उघडायच्या आधीच तिथे पोचलो.

आबा आत शिरले होते. पिंजऱ्याला दोन खोल्या, मध्ये वर-खाली सरकणारं पत्र्याचं दार. ठकीला पलीकडे घेऊन दार पाडायचं आणि मग अलीकडची खोली झाडायची, ही रोजची रीत. त्या दिवशी दाराच्या खाचेत हाड अडकलं होतं. दार वीतभर वर राहिलं होतं, आणि ते आबांच्या डावीकडे होतं. फटीतून एक पंजा आला, पत्र्याच्या कडेखाली शिरला आणि पत्रा दोन बोटं वर उचलला गेला.

मी ओरडणारच होतो. नियम आठवला. चहा मागावा तशा आवाजात मी म्हणालो, "आबा, डावीकडे. दार."

त्यांनी पूर्ण मान वळवली तेव्हा त्यांना दिसलं. खराटा पुढे धरून, तिच्याकडे तोंड ठेवून ते एकेक पाऊल मागे यायला लागले. पत्र्याखालून डोकं आलं. मग खांदे आले. आबा बोळात आले आणि मी कडी घातली, तेव्हा ती पूर्ण अलीकडे आली होती. ती गजांपाशी आली आणि आबांच्या डावीकडे बसली.

आबा बादली पालथी घालून तिच्यावर टेकले. "सायबास्नी सांगनार?"

"तुम्ही सांगा. नाहीतर मला सांगावं लागेल."

"आपरेशन म्हंजी सुट्टी. तवर तिला दुसऱ्या मानसाची सवय व्हईल. मग मला गेटावर बशिवतील."

मी प्रिंट त्यांच्या हातात दिली. कशी सापडली तेही सांगितलं. उजव्या डोळ्याजवळ धरून त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"मला वाटायचं," ते म्हणाले, "मायेनं बसती."

मला फार वाईट वाटलं. ती प्रिंट दिली नसती तरी चाललं असतं, असं अजूनही वाटतं.

पिंजऱ्याच्या किल्ल्या त्यांनी स्वतःच साहेबांकडे नेऊन दिल्या. ऑपरेशन चांगलं झालं. मग वर्षभर ते गेटवर तिकिटं फाडत बसले आणि निवृत्त होऊन औंढ्याला गेले. तेवढ्या वर्षात पिंजऱ्याकडे एकदाही फिरकले नाहीत. मध्यंतरी मी भेटायला गेलो तर म्हणाले, "आता दोनी डोळ्यांनी लख्ख दिसतंय. पन बगायचं कुनाला?"

डाव्या कुशीचा फोटो राहिलाच होता. तो काढायला परवा गेलो. नवा माणूस बोळात उभा होता आणि ठकी त्याच्या अगदी समोर बसली होती. मी कॅमेरा डोळ्याला लावला. सवयीनं डावा डोळा मिटला.

ठकी उठली. गजांच्या कडेकडेनं सावकाश चालत माझ्या डावीकडे गेली.

खांद्यावर टकटक होईल म्हणून मी थांबलो. मग आपणच डावा डोळा उघडला.