आतेसासूबाईंची गाऱ्हाण्याची तालीम

रत्नागिरीत भांडणाची शाळा काढायचं कुणाच्या मनात आलं असतं, तर मुख्याध्यापिका म्हणून आमच्या आतेसासूबाईंची बिनविरोध निवड झाली असती. विरोध करायची छाती कुणाची होती? ह्या माझ्या यजमानांच्या सख्ख्या आत्या. लवकर विधवा झालेल्या, अंगाने काडी, आणि आवाज मात्र मांडवीपासून मिऱ्यापर्यंत जाणारा. सकाळची मशेरी लावून झाली की त्यांना भांडायला कुणीतरी लागेच. बांगडेवालीशी त्या असं काही भांडत की नव्या माणसाला वाटावं, आता टोपली कुणाच्या तरी डोक्यात बसणार. मग तिलाच ओटीवर बसवून चहा पाजत आणि बांगडे तिने सांगितलेल्या भावानेच घेत. एकदा एस.टी. त्यांच्या थांब्यावर न थांबता पुढे गेली. पुढच्या थांब्यावर बाई उतरायलाच तयार होईनात. "माझा थांबा मागे ऱ्हायला. गाडी मागे घे, नायतर मला डेपोत ने आणि जेवायला घाल," असं त्यांनी कंडक्टरला सांगितलं. गाडी मागे गेली हो! प्रवासी टाळ्या वाजवत होते. आमचे हे तेवढे, आपण ह्या बाईंना ओळखत नाही असा चेहरा करून खिडकीबाहेर बघत बसले होते.

आमचे हे त्याच घराण्यातले, पण भांडणाचं सगळं वाण आत्यांकडेच संपलं असावं. कचेरीत साहेबांना 'हो साहेब', घरी मला 'हो', दारात आलेल्या गारुड्यालाही 'हो'. आमची शुभा तेव्हा पाचवीत होती. गावात टीव्ही नुकते कुठे येत होते, आमच्याकडे रेडिओच. सकाळच्या बातम्या ही पोर संध्याकाळी जशाच्या तशा म्हणून दाखवी. तोंडी हिशेब आमच्या आधी करी. पुस्तक उघडलं की मात्र अक्षरं तिच्याशी दावा मांडत. एक ओळ वाचायला बसली की घामाघूम. आमच्या शाळेत त्या काळी मुलांचे दोनच प्रकार मान्य होते, हुशार आणि ढ. तिसरा प्रकार असू शकतो ही अफवा आमच्या बाजूला पोचायला अजून बराच अवकाश होता. वर्गातल्या बाईंनी आपल्या परीने सगळे उपचार केले. छड्या मारल्या, बाकावर उभी केली, चुकलेला शब्द पानंच्या पानं लिहायला लावला. शेजारणींनी ब्राह्मीचं तेल सुचवलं. ह्या सगळ्याचा गुण असा आला की शाळेची वेळ झाली की पोरीच्या पोटात दुखायला लागे. शेवटी हेडमास्तरांनी आम्हाला बोलावून घेतलं आणि मोठ्या मायेने म्हणाले, "हिचा दाखला घेऊन जा. मुलीची जात, घरकाम शिकवा. उगाच ढकलण्यात काय अर्थ आहे?" आमचे हे म्हणाले, "हो सर." सोमवारी दाखला न्यायचा ठरला.

घरी येऊन मी चुलीपुढे रडत बसले. आत्या आत आल्या. "रडतेस काय गो? तू काय सांगितलंस त्याला?"

"काही नाही. ऐकून घेतलं."

"पोरीला काय काय येतं, ते? तिला काय हवं, ते?"

मी नकारार्थी मान हलवली, मागे उभ्या असलेल्या ह्यांनीही. आत्यांनी कपाळावर हात मारला. "अगो, देवळात गाऱ्हाणं घालताना गुरव मोघम बोलतो काय? माणसाचं नाव, गाव, अडचण काय, मागणं काय, सगळी फोड करून सांगतो. देवाला सगळं ठाऊक असतं, तरी त्यालासुद्धा सांगायला लागतं. तुमचा हेडमास्तर देवापेक्षा शहाणा काय?" मग त्यांनी शुभाला जवळ ओढली आणि तिला काय हवं ते तिलाच विचारलं. आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना हे काही सुचलं नव्हतं. पोर म्हणाली, "मला तोंडी विचारा ना. मी सगळं सांगेन."

त्या संध्याकाळपासून आमच्या पडवीत तालीम सुरू झाली. आत्या ह्यांचा चष्मा लावून आरामखुर्चीत हेडमास्तर होऊन बसत, आणि इतक्या हुबेहूब अपमान करत की खरे हेडमास्तर मला देवमाणूस वाटू लागले. मी गुरव. ह्यांना मानकऱ्याचं काम दिलं होतं. देवळात गुरवाच्या मागण्याला मानकरी देतात तशी साथ द्यायची, माझं मागणं संपलं की 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. "नायतरी तुला 'हो' म्हणायची सवय आहेच मेल्या, एकदा तरी पोरीच्या बाजूने म्हण," असं आत्यांचं म्हणणं. नियम कडक होते. 'ढ' हा शब्द आपल्या तोंडून काढायचा नाही. आधी पोरीला येतं काय ते सांगायचं, अडचण मागून. आणि 'बघा काहीतरी' म्हणायचं नाही, कारण काहीतरी मागणाऱ्याला काहीच मिळत नाही. मी तिसऱ्या वाक्याला रडले की पुन्हा पहिल्यापासून.

सोमवारी आम्ही शुभाला घेऊन ऑफिसात गेलो. आत्या 'नुसत्या बघायला' आल्या होत्या. हेडमास्तरांनी दाखला पुढे सरकवला. मी हात मागेच ठेवले आणि सुरुवात केली. शुभाला काय येतं ते सांगितलं, कुठे अडतं ते सांगितलं. तिसरं वाक्य ओलांडलं तरी रडले नाही. तोंडी परीक्षेचं नाव काढताच ते म्हणाले, "हे नियमात बसत नाही."

"मग नियमाला जरा सरकून बसायला सांगा," मागून आत्या.

मी दम घेतला आणि शेवटचं मागणं घातलं. "माझ्या मुलीचा दाखला काढू नका, तिची परीक्षा तोंडी घ्या!" आणि आमचे हे, जन्मात कधी आवाज न चढवलेले, तालमीच्या सवयीने खणखणीत ओरडले, "व्हय म्हाराजा!" दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभा असलेला शिपाईही गावचाच. तोही ओरडला, "व्हय म्हाराजा!" आणि काय सांगू, खुद्द हेडमास्तरांचे हात जोडले गेले! ते तरी आंजर्ल्याकडचे, कोकणातलेच ना. आपण काय करतोय हे लक्षात आल्यावर ते लालबुंद झाले. "हे ऑफिस आहे की देऊळ?"

"देऊळ समजूनच आलो," आत्या म्हणाल्या. "आता कौल द्या."

हेडमास्तरांनी रागारागाने भूगोलाचं पुस्तक उघडून शुभाला एक प्रश्न विचारला. तिने अख्खा धडा म्हटला आणि न विचारता पुढचाही सुरू केला. शेवटी, जणू आपली जमीन आम्हाला दान देताहेत अशा थाटात ते म्हणाले, "सहामाहीपुरतं घेऊ तोंडी. पुढचं पुढे." दाखला खणात गेला. शुभा त्या शाळेतूनच मॅट्रिक झाली.

बातमी गावभर झाली आणि आमच्या पडवीला कचेरीची कळा आली. कुणाच्या मुलाला कमी ऐकू येई, त्याला पहिला बाक हवा असे. कुणाची मुलगी बोलताना अडखळे, तिला उत्तराला वेळ हवा असे. आईबाप चोरट्यासारखे येत, आत्यांच्या शिव्या खात आणि ताठ मानेने शाळेत जात. काही हेडमास्तर नुसतं 'पडवीतून आलोय' ऐकूनच खुर्ची देत.

एकदा अशीच तालीम आटोपल्यावर मी त्यांना सहज विचारलं, "आत्या, हे सगळं तुम्हाला कुणी हो शिकवलं?"

त्यांनी ह्यांचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. मग म्हणाल्या, "माझा बाळू तिसरीत होता. असाच, शुभासारखा. मास्तर घरी आले, म्हणाले, काढा ह्याला. मी त्यांना बसायला पाट दिला, चहा दिला, जाताना नारळ दिले. बरं मास्तर, म्हटलं. पोर दाराआडून माझ्या तोंडाकडे बघत होता गो. आई काय बोलते म्हणून."

बाळूभावजी लहानपणीच मुंबईला कामाला लागलेले. गणपतीला येत, जेवत, जात. मी म्हटलं, "अहो आत्या, तेव्हा तुमच्या पाठीशी तरी कोण होतं?"

ह्या बाईंनी आयुष्यात कुणाला उत्तर दिल्याशिवाय सोडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र त्यांनी माझ्या हातातला चष्मा परत घेतला आणि अंगणात थांबलेल्या पुढच्या आईबापांना हाक मारली.