तोंडातली तार

आम्ही धुळ्याच्या जुन्या टेलिफोन ऑपरेटर बायका अजूनही वर्षातून एकदा जमतो. चहा येईपर्यंत सगळ्यांच्या गुडघ्यांची चौकशी होते, आणि चहा आला की कुणीतरी म्हणतंच, "उषा, ते तुझ्या तारेचं सांग ना!" खरं म्हणजे मी दोन वर्षं दातांना तार लावली होती, बस्स. पण एक सांगायला घेतलं की दुसरं आठवतं, आणि दुसरं संपायच्या आत कुसुम तिसरं मध्ये घुसवते.

तेव्हा एस.टी.डी. आलेली नव्हती. परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करा आणि वाट बघत बसा. आम्ही बोर्डासमोर ओळीनं बसायचो, डोक्यावर हेडसेट, हातात पेन्सिल. मला ती नोकरी फार आवडायची. फोनवर दात दिसत नाहीत ना! माझे पुढचे दोन दात ओठावर येऊन बसलेले, आणि त्यांच्या मागे बाकीच्यांची रेटारेटी. सव्विसाव्या वर्षी मी ठरवलं, आता हे सरळ करून घ्यायचेच. जळगावला महिन्यातून एका रविवारी मुंबईहून तारेचे डॉक्टर यायचे. धुळ्यात माझ्या ओळखीतल्या कुणी असलं काही केलेलं नव्हतं.

डॉक्टर म्हणाले, "जागा करायला हवी. आधी चार दात काढू." चांगले, धडधाकट चार दात!

आई हबकलीच. "लोक पडलेले दात बसवून घेतात. तू आहेत ते काढून घेतेस?"

* * *

तार बसवली त्या दिवशी काहीच दुखलं नाही. परतीच्या बसमध्ये मी मनात म्हटलं, उगीच घाबरवतात लोक! दुसऱ्या दिवशी सकाळी चहात भिजवलेला टोस्टसुद्धा चावेना. सगळे दात एकदम हलताहेत असं वाटायचं. जीभ तर क्षणभर स्वस्थ बसत नव्हती. तारेवरून इकडून तिकडे, तिकडून इकडे, दिवसभर गस्त!

आठ दिवस सगळ्यांनी मला लाडानं जेवू घातलं. कुसुम भरीत आणायची, आमच्या सुपरवायझर देवरेबाई वरणभात कालवून आणायच्या. नवव्या दिवशी मात्र माझा धीर सुटला. डॉक्टरांनी बजावलं होतं, ऊस नाही, पेरू नाही, फुटाणे तर मुळीच नाहीत. मी ड्यूटीवर, बोर्डाखाली हात धरून, गुपचूप चार फुटाणे तोंडात टाकले.

कट्!

दातावर चिकटवलेला धातूचा चिमुकला तुकडा निघून आला. आणि माझ्या कानात लाइनवरचं गिऱ्हाईक ओरडलं, "हॅलो, ऑपरेटर! तुमच्याकडे काहीतरी तुटलं!"

देवरेबाईंनी मान वर न करता विचारलं, "फुटाणे का?"

* * *

खरी पंचाईत झाली ती 'स'ची. जीभ तारेला अडायची आणि सगळे 'स' 'थ' होऊन बाहेर पडायचे. आणि माझ्याकडे लाइन कुठली? साक्रीची! त्यात तिथल्या एका व्यापाऱ्याचा नंबर सहासष्ट!

"हॅलो, थाक्री? थहाथष्ट द्या."

साक्रीच्या ऑपरेटरला आम्ही नाना म्हणायचो. कधी पाहिलेलं नाही, फक्त आवाज ओळखीचा. नाना शांतपणे म्हणाले, "ताई, हे साक्री. थाक्री इथून पुढं डोंगरात कुठं असलं तर विचारतो."

मी हेडसेट काढून ठेवला आणि रडायला लागले. देवरेबाईंनी दुसऱ्या दिवशी पाटीवर नवी वाटणी लिहिली. उषाकडे मालेगाव, पारोळा, अमळनेर, नंदुरबार. साक्री आणि सोनगीर कुसुमकडे. गावं अक्षरं बघून वाटलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, त्यानंतरही नाही!

घरी मी आरशासमोर उभी राहून "सात, सतरा, सत्तावीस" घोकायची. वडील बाहेरून विचारायचे, "कुणाचा नंबर लावतेयस गं?" तीन आठवड्यांनी जीभ वळली. तोवर नानांचा निरोपही आला होता, "आमच्या ताईला परत द्या. कुसुमताई एकदम शुद्ध बोलतात, इकडं करमत नाही!"

* * *

एकदा कापडणे गावाकडचे एक आबा थेट आत आले. मुलगा सुरतेला मिलमध्ये, त्याला फोन लावायचा होता. दोन तास बाहेरच्या बाकावर बसून वैतागले होते. मी उठून समजावत होते, "आबा, लाइन बिझी आहे, थोडं थांबा."

आबा माझ्या तोंडाकडे बघतच राहिले. मग वाकून आणखी जवळून बघितलं.

"काय वं बाई," ते अहिराणीत म्हणाले, "आते तं तुम्ही तोंडमा बी तार टाकी दिनी, तरी लाईन लागत नही?"

देवरेबाईंना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्यांनी स्वतः बोर्डावर बसून पाच मिनिटांत सुरत लावून दिली.

* * *

मग एका मंगळवारी मागच्या दाताजवळ तारेचं टोक सुटलं आणि गालात रुतायला लागलं. बोललं की टोचायचं, आणि बोलणं हाच तर माझा धंदा! जळगावची तारीख बारा दिवस लांब. शेवटी कुसुमनं मुंबईला डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर लाइनवर आले.

"तुमच्याजवळ पेन्सिल आहे? मागे रबर असलेली?"

आमच्याजवळ पेन्सिलींशिवाय होतंच काय! आठ हात एकदम पुढे आले.

"रबर धुऊन घ्या, आणि त्यानं टोक हळूच आत दाबा. दातालगत."

दाबलं. टोक वळलं. इतका वेळ जळगाव, मनमाड, कुठकुठले ऑपरेटर ती लाइन ऐकत होते, हे मला संध्याकाळी कळलं. मी नंदुरबारला कॉल लावला तर नंबर विचारायच्या आधी तिकडून आवाज आला, "ताई, पेन्सिल लागू पडली का?"

* * *

दहा महिने झाले होते तेव्हा चाळीसगावचं स्थळ आलं. आई म्हणाली, "डॉक्टरांना सांग, दोन दिवस काढून द्या, मग परत लावा." मी खरंच विचारलं. डॉक्टर म्हणाले, "अहो, त्या काय पाटल्या आहेत?"

मग आईनं सांगितलं, हो आणि नाही एवढंच बोलायचं, तेही ओठ मिटून. पाहुणे आले. मी खाली बघून बसले. जीभ आत तारेवरून येरझारा घालत होती. मुलाच्या मावशीनं दोनदा प्रश्न विचारले, मी दोनदा "हं" केलं.

"मुलगी बोलत नाही का?" मावशी म्हणाली.

वडिलांना राग आला. "टेलिफोनवर आहे ती! दिवसभर बोलते!"

"मग बोल की गं."

मी मान वर केली आणि नाव, शिक्षण, नोकरी सगळं खणखणीत सांगितलं. तार चांगली चमकली असणार. मावशीनं पोह्यांची बशी खाली ठेवली. तो मुलगा मात्र जरा पुढे वाकला आणि म्हणाला, "दुखतं का हो?"

दहा महिन्यांत सगळ्यांनी सगळं विचारलं होतं. हे कुणी विचारलं नव्हतं.

"पहिले दोन दिवस," मी म्हटलं. "दर वेळी तार आवळली की."

आठ दिवसांनी पत्र आलं, मुलीत दोष आहे. आई दोन दिवस माझ्याशी धड बोलली नाही. मी कुसुमची ड्यूटीही मागून घेतली. घरी बसवत नव्हतं.

* * *

आणि हे शेवटचं. हे मी फार वेळा सांगत नाही.

तार निघाली त्या रविवारचं. दात इतके गुळगुळीत लागत होते की जीभ घसरायची. ते मागे सरकू नयेत म्हणून डॉक्टरांनी एक गुलाबी प्लेट दिली होती. टाळूला बसवायची, जेवताना काढायची. जळगाव स्टँडवर मी पहिलं काम काय केलं? पेरू घेतला! दोन वर्षांनी!

धुळ्याच्या बसमध्ये शेजारी एक आजी होती. नऊवारी, मांडीवर पिशवी, एरंडोलला उतरणारी. मी खिडकीकडे तोंड करून प्लेट काढली आणि रुमालावर ठेवली. आजीनं पाहिलं. प्लेटकडे, मग माझ्या तोंडाकडे. पेरू तसाच माझ्या हातात राहिला.

"लाजू नको बेटा," ती म्हणाली. तिनं पदराआड तोंडात बोटं घातली, स्वतःची कवळी काढली आणि माझ्या प्लेटशेजारी, माझ्याच रुमालावर ठेवली. "हाई देख, मनी बी शे."

मला हसू येत होतं. मी ते दाबत होते.

तिनं माझ्या मोकळ्या गळ्याकडे पाहिलं. मग आवाज खाली आणून विचारलं, "नवरा मारे का?"

मी गडबडले. "नाही हो आजी! माझं लग्नच—"

"सोडी उनी ना त्याले? बरं करं."

"आजी, खरंच नाही. माझे दात डॉक्टरांनी काढले."

बस एरंडोलच्या स्टँडात वळत होती. आजीनं कवळी उचलली, पुसली, तोंडात बसवली आणि पिशवी काखेत मारली. उठताना माझ्या गुडघ्यावर हात ठेवून म्हणाली, "मी बी लोकेसले असंच सांगेल व्हतं."