छातीच्या हाडातलं भोक

आमच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटायची. आम्ही नागभीडजवळचे धिवर. बाप तळ्यात मासे धरायचा, माय ते टोपलीत घेऊन गावोगाव विकायची, आणि आम्हा पोरांच्या वाट्याला पेज आणि उरलेसुरले झिंगे. असल्या घरातून मी नागपूरच्या मेडिकल कॉलेजात गेलो तो गावातच राहणाऱ्या मामाच्या जोरावर. मला पाठवायला त्यानं बैलजोडी विकली होती.

तिसऱ्या वर्षी उन्हाळ्याच्या सुटीत घरी आलो. तळं आटलं की आमच्याकडे सगळे धिवर मिळून जाळं ओढतात. त्या दिवशी जाळ्यात माशांबरोबर माणसाची हाडं आली. चौकीतून जमादार आले. छातीच्या मधल्या हाडाला खालच्या बाजूस एक भोक होतं, पेन्सिल जाईल एवढं.

"काऊन गा डॉक्टर, काय म्हणते हे हाड?" जमादारांनी मला विचारलं.

सगळं गाव ऐकत होतं. एवढा मान तोवर मला कुणी दिला नव्हता. मी हाड उन्हात धरून निरखल्यासारखं केलं आणि ठणकावून सांगितलं, "गोळी लागली आहे."

आता गावात बंदूक एकाचीच. धानातली रानडुकरं हाकायला परवाना काढून घेतलेली. ती मामाची. जमादारांनी बंदूक आणि मामा, दोन्ही चौकीत नेले.

माय माझ्याशी बोलेना. बाप जाळं सांधत बसला होता. हातातलं काम न थांबवता म्हणाला, "भोकाची कड कशी होती?"

"कड?"

"जाळ्याले भोकंच भोकं रायते. विणलेलं भोक साजरं दिसते. खेकड्यानं पाडलं, तर तुटके धागे दिसते. तुह्या हाडाचं कसं होतं?"

मी पाहिलंच नव्हतं. तसाच चौकीत पळालो. हाड मागून-पुढून पाहिलं. गोळी आरपार गेली की मागची बाजू फुटते. इथे दोन्हीकडून कड गोल, गुळगुळीत. तेव्हा वर्गातलं आठवलं: हे हाड वाढताना तुकड्यांनी जुळतं, आणि एखाद्याचं नीट जुळलं नाही तर असं भोक जन्मभर राहतं. मी ते पाठ केलं होतं, पाहिलं कधी नव्हतं.

"सकाळी गोळी, आता जन्माचं भोक," जमादार म्हणाले. "तुले पास कोण करून राह्यलं?"

"सकाळी मी चुकलो. चांद्याच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरसाहेबांना दाखवा."

दुसऱ्या दिवशी छोट्या रुळांच्या आगगाडीनं आम्ही चांद्याला गेलो, जमादार, मी आणि हाडांचं गाठोडं. डॉक्टरसाहेबांनी भिंग लावून बराच वेळ पाहिलं. भोक जन्माचंच होतं. हाडंही फार जुनी, काठच्या मसणातून वाहून आलेली असावीत, असं त्यांनी लिहून दिलं.

"कड पाहायला कुणी शिकवलं?" त्यांनी मला विचारलं.

"बापानं. तो जाळी विणतो."

"मग परीक्षेला त्यालाच पाठव," म्हणाले आणि हसले.

त्याच संध्याकाळी मामा बंदूक खांद्यावर टाकून आमच्या दारात उभा.

"भाच्यानं मले आत टाकलं, भाच्यानंच काढलं," तो मायला म्हणाला. "बाई, बैल काई वाया गेले नाई."

मायनं मरळ मासा रांधला होता. मानाचं डोकं मामाला वाढलं. मला शेपटी.

दोन वर्षांनी मी डॉक्टर झालो. आमच्या घराण्यात कॉलेज पास झालेला मी पहिला.