अण्णा विचारत नसत

आटपाडीच्या एसटी स्टँडवर अण्णांनी माझी ट्रंक टपावर चढवून दिली, हात झटकले आणि म्हणाले, "अभ्यासाचं मी काही विचारणार नाही. तुझं तू बघायचं." बारावी होऊन मी वाशीच्या कॉलेजात निघालो होतो. एवढ्या प्रसंगाला हे बोलणं फार कोरडं वाटलं. आई पिशवीतल्या शेंगाचटणीच्या डब्याचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत होती. गाडी हलली तेव्हा अण्णा दुसऱ्याच कुणाशी तरी बोलत उभे होते.

अण्णा, माझे वडील, प्राथमिक शाळेत शिक्षक. दिलेला शब्द त्यांनी पाळला. पत्रांत डाळिंबाला फूल धरल्याचं असे, आक्काच्या सासरी बोअरला पाणी लागल्याचं असे. अभ्यासाचं अक्षर नसे. मी त्याला विश्वास समजत आलो. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून आले, त्यांना कळेल की अशा एका वाक्याच्या आधाराने माणूस किती वर्षं काढतो.

आमच्या आळीत अभ्यास कानांनी मोजत. दिवेलागणीला घराघरातून पोरांचा मोठ्याने वाचण्याचा आवाज यायचा, आणि बाहेर कट्ट्यावर बसलेल्यांना कोण कुठल्या धड्यावर आहे ते कळायचं. आवाज थांबला की अण्णा बाहेरूनच खाकरायचे. तेवढं पुरायचं. तोंडाने वाचत मनाने भलतीकडेच फिरण्यात आम्ही किती तयार झालो होतो, ते तिथे राहिलेल्यांनी प्रामाणिकपणे आठवून बघावं.

नेरूळला काकांकडे उतरलो. काका एपीएमसीत धान्याच्या पेढीवर नोकरीला होते, घर एका खोलीचं. पहिल्याच संध्याकाळी मी पुस्तक उघडून सुरू झालो, तशी काकू म्हणाली, "हळू रे बाबा. शेजारचे म्हणतील, पोथी लावलीय." मनातल्या मनात वाचणं हा मला अभ्यासच वाटेना. खाकरणारं कुणी नाही, ऐकणारं कुणी नाही, पान उलटलं काय न उलटलं काय. सहामाहीत दोन विषय राहिले. मग मी घराजवळच्या तलावाकाठी एका बाकावर जाऊन बसायला लागलो. वाचून पुस्तक मिटायचं, स्वतःलाच प्रश्न घालायचा, उत्तर आलं नाही तर पुन्हा उघडायचं. आपण खोटं बोललो तर आपल्यालाच कळतं, हे त्या बाकावर समजलं. हे मी एकट्याने, अण्णांच्या विश्वासाच्या जोरावर केलं, अशी माझी समजूत होती.

यंदा अण्णा गेले. तेराव्याला आटपाडीत मंडपाखाली काकांजवळ बसलो होतो. काका आता थकलेत, निवृत्तीनंतर गावीच असतात. थोरल्या भावाच्या आठवणी सांगता सांगता ते सहज म्हणाले, "दर रविवारी बूथवरनं फोन असायचा त्याचा, पेढीवर. पोरगं बसतंय का, एवढंच. मी म्हणायचो, बसतंय. तुला ठावं नव्हतं व्हय?"

मला ठाऊक नव्हतं. मंडपात पंगत बसत होती आणि मी पानावरच्या लाडवाकडे बघत मागचं सगळं उलगडून पाहायला लागलो. काकू बाकाकडे फिरायला यायची, ती फिरायलाच येत होती का? परीक्षेच्या तोंडावर आक्का अचानक नेरूळला आली होती, ती कशाला? गेलेल्या माणसाला विचारता येत नाही. संशय मात्र घेता येतो, आणि तो शोकात बेमालूम मिसळतो.

तो तसाच बरोबर घेऊन खारघरला परतलो. इथे माझी मुलगी सायली बारावीला आहे. तिचा क्लास मोबाइलवर कळवतो: आली, बसली, गेली. सायलीला तो क्लास सोडायचा होता. मैत्रिणीबरोबर सीवूड्सच्या अभ्यासिकेत बसून स्वतःचं स्वतः करायचं म्हणत होती. मेधाचं, माझ्या बायकोचं, म्हणणं होतं की महिनाभर बघू या. मी म्हणालो, बघायचं कसं? बंद दारामागे आवाज नसतो. क्लास सुटला आणि वर्ष हातातून गेलं तर पोरीचं पुढे काय?

शेवटी मेधाचं ऐकलं. क्लासमधलं नाव न काढता महिना सुरू झाला आणि एका शनिवारी मी तिच्या मागून सीवूड्सला गेलो. अभ्यासिकेच्या काचेतून दिसत होतं. सायलीने पिशवीतून मोबाइल काढला, शेजारच्या मुलीला दिला. तिचा स्वतः घेतला, दप्तरात खाली दडपला. माझ्या डोक्यात काय काय येऊन गेलं, ते लिहीत नाही. फोन का बदलला? कुणापासून काय लपवायचंय? तेवढ्यात तिने मान वर केली.

बाहेर आली ती ओरडली नाही. "बाबा, तू माझ्या मागे आलास?"

मी फोनचं विचारलं.

"माझा माझ्याकडे असला की मी बघतेच. ईशाचा लॉक मला येत नाही, माझा तिला. ब्रेक झाला की परत. यात काय टेन्शन घेतोस?" मग म्हणाली, "आजोबा असे यायचे का तुझ्यामागे?"

आधी नाही म्हणालो. मग स्टेशनकडे चालता चालता काकांनी सांगितलेलं सगळं सांगितलं. ऐकून ती हसली. "म्हणजे सगळ्यांना विचारायचे, फक्त तुला नाही." नंतर मान खाली घालून म्हणाली, "तू मला विचार ना. डायरेक्ट."

महिना संपायची वाट न बघता आम्ही क्लास बंद केला. बरोबर केलं की नाही, ते परीक्षेला कळेल. मला अजून खात्री नाही. तिचा चेहरा वाचायची सवय जात नाही.

काल ती आली, चपला काढत होती. मी विचारलं, "झालं का?"

"नाही झालं. चॅप्टर डोक्यावरून गेला. दुपारभर नुसती बसले."

हे खरं असेल का, असं क्षणभर वाटलंच. मग लक्षात आलं, आटपाडीच्या त्या दारात 'नाही झालं' म्हणायची वेळ माझ्यावर कधी आली नाही. अण्णांनी मला तो प्रश्नच दिला नव्हता. ते घर मला अजून स्वप्नात दिसतं, आणि त्यात कुणी काही विचारत नाही.

सायली हात धुऊन ताटावर बसली. "उद्या परत बघते," म्हणाली, आणि आमटी वाढायला वाटी पुढे केली.