मागं ऐकू याय लागलंय काय रं?

जगात कुणाच्याबी हातात माईक दिला की तो 'हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग' म्हणतोय. आमचे नेमू अण्णा तसं कधी म्हणाले न्हाईत. मांडव भरत आला की ते माईक तोंडाजवळ धरायचे, पार मागच्या खांबाकडं बघायचे आणि विचारायचे, "मागं ऐकू याय लागलंय काय रं?" मग एक दम घेऊन तेच कन्नडात, "हिंदक केळस्तैतेन्री?" मागनं कुणीतरी "व्हय!" नाहीतर "हौद्री!" म्हणालं की मगच पुढचं बटण दाबणार. कुणी बोललंच न्हाय तर परत विचारणार. एका लग्नात मागं नुसत्या खुर्च्याच हुत्या, तर अण्णांनी आचाऱ्याला झाऱ्यासकट उचलून शेवटच्या रांगेत नेऊन बसवला आणि मग विचारलं. तिकडं जिलेबी करपली, पण टेस्टिंग झालं.

निपाणीत अण्णांचं साऊंड सर्व्हिसचं दुकान हुतं. लग्न, बारसं, यात्रा, शाळेचं गॅदरिंग, सगळीकडं त्यांचेच कर्णे. त्यांच्या माईकवर बोलणारा मी. बोलवायचे निवेदक म्हणून, पण लोकांना पाहिजे असायच्या नकला. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली म्हणून त्यांनी मला वेताच्या छडीनं फोडून काढलतं. त्याच हेडमास्तरांनी पोरीच्या लग्नात हट्ट धरून मला तीच नक्कल करायला लावली, आणि फोटोग्राफरला म्हणाले, "हे घे रे, हे नीट घे." अण्णा मला पोपट म्हणायचे. "पोपटा, समद्यांचं बोलतोस, तुझं कवा बोलणार रं?" मी म्हणायचो, "अण्णा, माझं ऐकायला सुपारी कोण देणार?"

दिसायला कसे, तर डोक्यावर पांढरी टोपी, खाली पांढरा पायजमा आणि मधी काळाकुट्ट टी-शर्ट. त्यावर लाल अक्षरात 'वखार'. टी-शर्टला कडक इस्त्री. पन्नाशीतला जैन माणूस, रोज सकाळी बस्तीत, म्हंजे जैन मंदिरात जाणारा, आणि छातीवर रॉक बॅंड. लांबनं बघणाऱ्याला वाटायचं, बिचारा कुणाशीतरी पैज हरलेला दिसतोय.

वखार म्हंजे आमच्या भागातल्या चार पोरांचा बॅंड. त्यांचं नाव आता मी घेत न्हाय, पण अण्णांचं सांगायचं तर त्याशिवाय जमत न्हाय. गाणारा सुहास बेळगावातल्या अनगोळचा. त्याच्या मामाची निपाणीत तंबाखूची वखार रिकामी पडलेली, तिथं ही पोरं वाजवायची, म्हणून बॅंडचं नाव तेच. गाणी कशी, तर आपण बसस्टॅंडवर बोलतोय तशी. अर्धी ओळ मराठी, अर्धी कन्नड, मधी कुठंतरी 'ब्रेक फेल'. पहिला अल्बम 'ठसका' त्यांनी त्या वखारीतच रेकॉर्ड केला. साऊंड अण्णांचा. भिंतीतनं तंबाखूची धूळ अजून गेली नव्हती, त्यामुळं दुसऱ्या गाण्यात ड्रमवाल्याची शिंक तशीच ऱ्हायलीया. अण्णा ते गाणं लावलं की बोट वर करून बसायचे. "आता बघ... आता... आता... हां!" शिंक आली की नातू पहिल्यांदा चालल्यागत तोंड व्हायचं त्यांचं.

पण ठसका गाजला तो शिंकेनं न्हाय. रेकॉर्डिंग सुरू करायच्या आधी अण्णांनी सवयीनं विचारलं, "मागं ऐकू याय लागलंय काय रं? हिंदक केळस्तैतेन्री?" मशीन चालूच हुतं. सुहास म्हणाला, "अण्णा, हे काढायचं न्हाय. हेच पहिलं." तवापासनं अल्बम सुरू व्हतोय तो अण्णांच्या आवाजानं, गिटार मागनं येतंय. आणि कार्यक्रम कुठलाबी असूदे, कोल्हापूर, धारवाड, बेळगाव, स्टेजवर अंधार करून आधी तोच आवाज लावायचे. अख्खं मैदान ओरडायचं, "व्हय! हौद्री!" मला लई वेळा काटा आलाय अंगावर. अण्णा मात्र मागं वळून, कोण ओरडलं न्हाय ते बघायचे.

हां, अण्णा कार्यक्रमाला कायम शेवटी उभे. एकदम मागं, भिंतीला टेकून. सुहासनं फुडचा पास पाठवला तरी तो दुसऱ्या कुणाला तरी देऊन टाकायचे. म्हणायचे, "फुडं कुणालाबी ऐकू येतंय रं. मागं आलं तर खरं." त्याच्या आधी गेटबाहेर टेम्पोत बसून अंथऊ. दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायचं, मग पाणीसुद्धा न्हाय. आत पोरं केस हलवून नाचायला लागल्यात, आणि आमचे अण्णा गेटवर पश्चिमेकडं बघत चपातीचा घास पटापटा गिळाय लागल्यात. गेटवरचा पोरगा एकदा म्हणाला, "काका, आत स्टॉल हाय की." अण्णा म्हणाले, "बाळा, तुझ्या स्टॉलला सूर्य दिसतोय काय?"

आक्का, म्हंजे अण्णांच्या घरच्या, सगळ्या गावाला सांगायच्या, "मी सैपाकघरातनं हाक मारलेली ह्यास्नी ऐकू येत न्हाय, आणि मांडवातल्या मागच्याची काळजी!"

दुसरा अल्बम आला, 'शिवेवरची बस'. अण्णांनी तो ऐकला आणि बराच वेळ टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाले, "गिटार लई झालंय. नवी गाडी घेतलेलं पोरगं उगंच हॉर्न मारत फिरतंय तसं. पण बोलणं आपलं हाय. वाजवू दे थोडं, वय हाय." दुसऱ्या कुणी नाव ठेवलं की मात्र चिडायचे. एका लग्नात मंगलाष्टकाच्या आधी त्यांनी टेस्टिंगला त्यातलंच गाणं लावलं आणि नवरीचा मामा धावत आला, "अण्णा, हे काय लावलंय, घोडं बुजलं की!" अण्णा शांतपणे म्हणाले, "घोड्याला कळलं म्हणून बुजलं."

मग पोरं मोठ्या शहरात गेली. फोन कमी झाले. अण्णांनीच करायचा, तिकडनं "अण्णा, मीटिंगमध्ये हाय." अण्णा ठेवायचे आणि मला सांगायचे, "मीटिंगमध्ये हाय रं पोरगं," जसं काय मीटिंग ही पण एक डिग्री हाय. मागल्या वर्षी कळलं, तिसरा अल्बम येतोय, 'नवा ठसका'. जुनीच गाणी, चांगल्या स्टुडिओत परत रेकॉर्ड केलेली, आणि पहिला कार्यक्रम बेळगावात. अण्णा पोरासारखे नाचले. "शिंक ठेवत्यात का बघायचं हाय!"

त्या संध्याकाळी अंथऊ करून आम्ही आत गेलो, भिंत गाठली. मैदान गच्च. अंधार झाला. अण्णांनी टोपी नीट केली. आणि आवाज आलाच न्हाय. त्याऐवजी उजेड पडला आणि सुहास एकटा फुडं आला. म्हणाला, "आमच्या निपाणीत एक साऊंडवाला अण्णा होता." लोक हसले. अण्णाबी हसले, मला कोपरानं ढोसलं. मग सुहास डुलाय लागला. एका हातात माईक, दुसऱ्या हातात नसलेली बाटली. जीभ जड करून, तोल सावरत, "माऽऽगं... ऐऽकू... याय लागलंय काय रंऽऽ?" मैदान फुटलं हसून. "हिंऽऽदक..." म्हणत तो माईकच्या स्टॅंडवर पडला, उठला, परत पडला. लोकांनी ओरडून उत्तर दिलं, "व्हय!" माझ्या शेजारी सवयीनं अण्णांच्या तोंडातनंबी "व्ह" एवढं आलं. पुढचं आलं न्हाय.

मी नकला करणारा माणूस. चुकलेली नक्कल मला लांबनं कळती. सुहासची चुकली नव्हती, त्याचंच मला लागलं. 'रं'वरचा हेल बरोबर, मान वळवणं बरोबर, कन्नडाच्या आधी घेतलेला दमसुद्धा बरोबर. हे वर्षानुवर्षं जवळ बसून ऐकल्याशिवाय येत न्हाय. एवढं जवळचं उचललं आणि त्यावर दारू वतली. ज्या माणसानं दिवस मावळल्यावर पाण्याचा थेंब घेतला न्हाय, त्याच्यावर.

कार्यक्रम सुटल्यावर अण्णा स्टेजमागं गेले. मी नको म्हणत हुतो. सुहासनं लांबनंच हात पसरले, "अण्णाऽऽ! बघितलं न्हवं? लोक कसे हसले!"

अण्णांनी त्याला मिठी मारू दिली. मग विचारलं, "मी पितो काय रं?"

"अण्णा, ते कॅरेक्टर हाय."

"असूदे की. त्याला माझा आवाज कशाला दिलास?"

सुहास माझ्याकडं बघून हसला. "पोपट्या, समजाव की अण्णांना. तुझाबी हाच धंदा हाय न्हवं?"

मी तोंड उघडायच्या आत अण्णाच म्हणाले, "शिंक ठेवलीस काय?"

"कसली शिंक?"

"ऱ्हाऊदे," अण्णा म्हणाले आणि टेम्पोकडं चालाय लागले. निपाणीला परतताना घाटात मी एक विनोद करून बघितला. तो कुठं पडला ते मला अजून सापडलं न्हाय.

नव्या ठसक्याच्या सुरुवातीला सुहासचंच ते डुलणारं बोलणं घातलंय. अण्णांचा आवाज काढून टाकला, आणि त्याची पिदाडी नक्कल ठेवली. त्याची रील निघाली, फिरली. पुढच्याच लग्नात अण्णांनी माईक धरून विचारलं, "मागं ऐकू..." तोवर नवऱ्याचे दोस्त मागं झुलत उभं ऱ्हायले. "अण्णा, किती झाल्या?" सगळा मांडव हसला. आपलीच माणसं, ज्यांच्या घरची बारशी अण्णांनी वाजवली. अण्णा त्यांच्याकडं बघत ऱ्हायले, माईक तोंडाजवळच.

तेबी त्यांनी सोसलं असतं. पण बस्तीत एका म्हाताऱ्यानं त्यांना बाजूला घेतलं आणि पोरावर माया करावी तसं हळू विचारलं, "नेमू, खरंच घ्यायला लागलास व्हय रं?" अण्णांनी हे मला दुकानात सांगितलं. वायर गुंडाळत हुते. म्हणाले, "चेष्टा केली असती तर सोडलं असतं. त्यानं खरं समजून विचारलं, पोपटा." मग थोड्या वेळानं, "सुहासला कळलं न्हाय असं कसं म्हणू? माझ्या डब्यातलं दिवस असताना जेवलाय तो."

त्यानंतर अण्णा माईकवर बोलले न्हाईत. बोटानं नुसतं वाजवायचे, टक टक, आणि बटण दाबायचे. टेस्टिंगला वखारचं गाणंबी बंद, कुठली तरी सनई. मी एकदा म्हटलं, "अण्णा, पहिला ठसका तरी लावा की, त्यात तुमचाच आवाज हाय." म्हणाले, "आता तो आवाज ऐकला की मलाच ते पिलेलं वाटाय लागलंय."

दिवाळीनंतर त्यांनी सेट चिकोडीच्या एकाला देऊन टाकला. त्याच्या आधीचं शेवटचं लग्न बोरगावला. मी त्या दिवशी मुद्दाम स्टेज सोडून मागच्या खांबापाशी जाऊन उभा ऱ्हायलो. अण्णांनी माईक घेतला, वाजवला, टक टक. मी तिथनं बेंबीच्या देठापासनं ओरडलो, "व्हय अण्णा! ऐकू याय लागलंय!" माझ्या आवाजात, कुणाच्याबी नकलेत न्हाय. लोकांनी वळून बघितलं. अण्णांनीबी मान वर केली. ओठ हललेसे वाटले. मग मान खाली घालून त्यांनी सनईचं बटण दाबलं.

अण्णा आणि आक्का आता सांगलीला पोरीकडं असत्यात. काळा टी-शर्ट साऊंडच्या मिक्सरवर धूळ बसू नये म्हणून घातला हुता, तो तसाच चिकोडीला गेला. सुहासचा फोन मला एकदा आलता, अण्णांचा नंबर लागत न्हाय म्हणून. मी हेडमास्तरांच्या आवाजात सांगितलं, "गैरहजर."

आणि परवा परत एका लग्नात फर्माईश आली. आता कायम येती. पोरं फुडं बसून ओरडत्यात, "ए पोपट्या, तो साऊंडवाला अण्णा कर की! रीलमधला!" मला येतोय. डुलल्याशिवाय, बाटलीशिवाय, दम घेऊन, खरा तसा, आख्ख्या तालुक्यात फक्त मलाच येतोय. मी माईक हातात घेतो, शेवटच्या खांबाकडं बघतो. तिथं कुणीतरी लहान पोराला खांद्यावर घेऊन उभा असतोय.

मग मी हेडमास्तर करतो.