बोटीचं मागचं टोक

प्लास्टिकची बोट झिजते ती पाण्यात नाही, पायऱ्यांवर. आमच्या घरात हे सगळ्यांत आधी मला कळलं, कारण दुरुस्ती माझ्याकडे होती.

बोट म्हणजे दोघांनी बसायची पिवळी कॅनू. नवऱ्याच्या कारखान्याच्या क्लबाने जुनी म्हणून मोडीत काढली आणि त्याने ती लेकीसाठी घरी आणली. भोपाळच्या टाउनशिपमध्ये आमचं तळमजल्याचं क्वार्टर होतं. मागे अंगण, अंगणात पेरू, पेरूखाली बोट. लेक तेव्हा कॉलेजात होती. सकाळी ती एकटीच बोट सायकलच्या चाकांच्या गाड्यावर टाकून वसाहतीमागच्या तलावावर न्यायची. गाडा पायऱ्यांपाशी थांबायचा. तिथून ती पुढचं टोक उचलायची आणि मागचं सिमेंटवरून फरफटत पाण्यापर्यंत न्यायची. येताना तसंच वर. थोड्याच दिवसांत मागच्या टोकाचं बूड इतकं पातळ व्हायचं, की अंगठ्याने दाबलं तर आत जाई.

आधी नवऱ्याने त्यावर एपॉक्सी थापली. ती वाळली आणि खपलीसारखी अख्खी निघून हातात आली. मग मी काम अंगावर घेतलं. गळका निळा पाण्याचा ड्रम अंगणात पडून होता. त्याचा तुकडा वितळवून बोटीला लावून पाहिला, तो घट्ट चिकटला. ड्रमच्या बोटभर रुंद पट्ट्या कापल्या. बोट दोन स्टुलांवर पालथी घालायची, बूड ब्लेडने खरवडायचं, स्पिरिटने पुसायचं, मग गरम हवेच्या गनने बूड आणि पट्टी एकदम तापवायची. दोन्ही ओल्यासारखी चमकायला लागली की पट्टी बसवून चमच्याच्या पाठीने दाबायची. धूर निघाला तर जळलं, पुन्हा पहिल्यापासून.

हे एकट्याचं काम नाही. गन माझ्या हातात असे, चमचा लेकीच्या. रविवारच्या माझ्या यादीत दळण, इस्त्री, गॅस यांच्या वर ‘बोट’ असे.

समोर बसवून काही विचारलं की लेक ‘कुछ नहीं, आई’ म्हणून मोकळी व्हायची. बोटीवर वाकली की मात्र बोलायची. कुठल्या विषयात गाडी अडकली आहे, कुठली मैत्रीण का बोलत नाही, वर्गातल्या एका मुलाचं अक्षर किती सुंदर आहे. मी मान वर करत नसे. वर केली की ती गप्प व्हायची. ‘इथे दाब,’ एवढंच म्हणायचे आणि पट्टी मुद्दाम सावकाश तापवायचे.

मग माझ्या धाकट्या नणंदेची नागपूरहून भोपाळला बदली झाली. एकटा जीव, कोलार रोडला फ्लॅट, दाराशी स्कूटर. पट्टीची पोहणारी. पहिल्याच आठवड्यात ती पहाटे आमच्या अंगणात हजर झाली आणि बोटीची दुसरी जागा भरली.

मला जळायला कारण लागत नाही, असं नवरा म्हणतो. या वेळी कारण होतं. रविवारी मी स्टूल मांडले, बोट पालथी केली, बुडावरून हात फिरवला. गुळगुळीत. गेल्या वेळच्या निळ्या पट्टीवर साधा ओरखडा नव्हता.

‘मस्त ना?’ लेक म्हणाली. ‘आता आत्या मागून उचलते. घासतच नाही.’

‘वहिनी, तुमची सुट्टी!’ नणंद स्कूटरवरूनच ओरडली आणि दोघी पोहे-जलेबी खायला गेल्या. मी गनची वायर गुंडाळून ठेवली. यादीतल्या ‘बोट’पुढे खूण करता येईना आणि ते खोडवेनाही.

पुढचे रविवार असेच गेले. घरात दर वाक्याला ‘आत्या म्हणते’ सुरू झालं. एकदा भाजी निवडता निवडता नणंद सहज म्हणाली, ‘हिला पुढचं शिकायला पुण्याला जायचंय. तुम्हाला माहीत असेलच ना?’

‘माहीत आहे,’ मी म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं. त्या दिवशी भेंडी फार बारीक चिरली गेली.

रात्री नवऱ्यापाशी धुसफुसले. तो म्हणाला, ‘मग तूही जा की. एक टोक उचल.’

‘मला पोहता येत नाही.’

‘पायऱ्यांवर कोण पोहतं?’

दुसऱ्या दिवशी पहाटे मी स्वयंपाकघरातली कामं आटपून बूट शोधले, नाही सापडले, चपला घालून गेले. नणंदेने हसत मागचं टोक माझ्या हवाली केलं. तिला वाटलं असेल, एका दिवसाची हौस आहे. उतरताना मला फक्त लेकीची पाठ दिसत होती. खाली त्या दोघी बसल्या आणि वल्ही मारत निघून गेल्या. त्यांचं हसणं पाण्यावरून नीट ऐकू येत होतं, शब्द येत नव्हते. मी पायरीवर बसून राहिले. एवढी चिडचिड मला रेशनच्या रांगेतही कधी झाली नव्हती.

परत येताना पुन्हा मागचं टोक मीच धरलं. खालच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. चप्पल सरकली, हात सुटला आणि बोट धाडधाड करत पाण्याकडे घसरली. लेकीने कशीबशी रोखून धरली.

‘वहिनी! मुद्दाम टाकलीत!’

‘अगं, पाय घसरला.’

‘हो हो, पाय!’

पाय खरंच घसरला होता. आजही कुणी मानत नाही.

लेकीने वाकून बूड पाहिलं. ‘आई, पट्टीच उखडली. रविवारी बसावं लागेल.’

‘बसू,’ मी म्हणाले आणि चपलेचा अंगठा तपासत बराच वेळ खालीच पाहत राहिले. हसू आवरत नव्हतं, चेहरा वर करण्यासारखा नव्हता.

रविवारी स्टूल मांडले, तर नणंद खुर्ची घेऊन हजर. ‘वहिनी, मलाही शिकवा.’

मी तिला ड्रमचा उरलेला तुकडा आणि करवत दिली. नळापाशी बसवलं. तो अंगणाचा दुसरा कोपरा. ‘पट्ट्या काप. सारख्या. बोटभर रुंद.’

मी गन सुरू केली. लेक चमचा घेऊन वाकली. थोड्या वेळाने खालीच बघत म्हणाली, ‘आई, आत्याने तुला पुण्याचं सांगितलं का?’

‘सांगितलं. पण तू सांग.’

बूड चमकायला लागलं होतं. तिने पट्टी बसवली, दाबली आणि सांगायला लागली.

‘वहिनी, एवढ्या पुरे?’ नळापासून आवाज आला.

‘अजून काप,’ मी म्हणाले. मान वर केली नाही.