माणदेशी आरमार

समुद्र कधीही न पाहता सगळ्यात जास्त गलबतं गमावणारा माणूस कोण, असं कुणी विचारलं तर मी डोळे झाकून माझ्या मामेसासऱ्यांचं नाव सांगेन. पायदळात बावीस वर्षं काढून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला हा गृहस्थ, ओढ्याला पाणी आलं की लोक फोटो काढतात अशा माण तालुक्यातल्या गावात, सोप्याची फरशी निळ्या ऑइलपेंटनं रंगवतो काय, तिच्यावर खडूनं कोकणपट्टी आखतो काय, आणि पांगाऱ्याची गलबतं कोरून शिडांच्या काळातली लढाई मांडतो काय! मराठ्यांचं आरमार अर्थातच त्यांचं. इंग्रजांचं कुणीच घेईना, म्हणून ते जावयाच्या गळ्यात पडलं. लग्नात मला सासुरवाडीकडून एक अंगठी मिळाली आणि इंग्रज मिळाले. अंगठी केव्हाच हरवली, इंग्रज मात्र आठ वर्षं सुटले नाहीत.

दर रविवारी मी वडूजहून मोटरसायकल मारत यायचं, फाशांवर वारा ठरवायचा, जहाजं वीत-वीत पुढं सरकवायची आणि तोफा डागायच्या. शिडं जुन्या लग्नपत्रिकांची. माझं सगळ्यात मोठं लढाऊ जहाज ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असं छातीवर मिरवत चाल करून यायचं. मामी झाडायला आल्या, की “आवं, उचला ती लाकडं,” म्हणत अख्खं इंग्रजी आरमार केरसुणीनं दिवाणाखाली लोटायच्या. मी तक्रार केली तर मामा गंभीर चेहऱ्यानं म्हणत, “वादळ झालं जावईबापू. वादळापुढं कुणाचं काय चालतंय?” मराठ्यांच्या बाजूला हे वादळ कधी फिरकलं नाही. एवढं करूनही हा माणूस हरायचा. सात मोहिमा झाल्या, सातही हरला! कपाळ बडवून घ्यावंसं वाटायचं मला.

कारण एकच, पाणी. नियम सगळे त्यांनीच केलेले. एक चाल म्हणजे एक दिवस. प्रत्येक आरमाराजवळ आठ दिवसांचं पिण्याचं पाणी. नवव्या दिवसापासून रोज दिवस सरताना चार खलाशी तहानेनं मरणार. आता इथवर ठीक होतं. पण मामांनी आपल्या खलाशांची नावं वहीत लिहून ठेवलेली! हणमा, रसूल, तुका, धोंडी... माझ्या इंग्रजांना नावंबिवं नव्हती. ते पटापट मरायचे आणि मी त्यांना खुशाल मरू द्यायचो. मामांचं मात्र सहावा दिवस उजाडला की चित्त थाऱ्यावर नसायचं. विजय हातभर अंतरावर असताना ते गलबतं मागं वळवायचे. “जाऊन यिऊ द्या बंदरात. पाणी भरून आल्यावर बघू लढाईचं.” ते पाणी भरून येईपर्यंत माझ्या तोफा बंदराच्या तोंडाशी लागलेल्या असायच्या.

“अहो मामा, कागदावरची माणसं ती!” मी ओरडायचो.

“तुमच्या घरात नळ हाय,” ते म्हणायचे. “टँकरची वाट कवा बघितलीया तुमी?”

आठवी मोहीम शेवटची ठरली. दिवाळीनंतर मामांचा मुलगा मामा-मामींना पुण्याला नेणार होता, आणि त्याच्या फ्लॅटच्या चकचकीत फरशीला सुनेनं निळा रंग लावू देणं कालत्रयी शक्य नव्हतं. “एकदा तरी जिंकून जावं म्हंतो,” मामा म्हणाले. “पर मुद्दाम हारलात तर तोंड बघणार न्हाई तुमचं.” मी शब्द दिला आणि इमानदारीत लढलो. आठवा दिवस संपला तेव्हा त्यांची गलबतं भर दर्यात, वारा उलटा. मीच हात जोडले, “मामा, या वेळी फिरू नका. वारा बदलणार बघा.” आणि काय आश्चर्य, मामा थांबले! नववा, दहावा, अकरावा दिवस. त्यांची पेन्सिल वहीवर चालत राहिली. बाराव्या चालीला वारा फिरला, आणि माझं श्रीकृपेकरून आपल्या तिन्ही साथीदारांसह त्यांच्या तावडीत सापडलं.

“मामा, जिंकलात!” मी उडीच मारली. मला खरोखरच इतका आनंद कुठल्याच विजयाचा झाला नव्हता.

मामा वहीत बघत होते. “बारा गेली,” म्हणाले. “रसूल बी गेला. किनारा दिसत हुता वो त्यास्नी.”

“मामा, खेळ आहे हा...”

“व्हय, खेळच हाय. आठव्या दिवसावर परत मांडा.”

मी हुज्जत घातली, मामींना मध्ये घातलं, काही उपयोग झाला नाही. त्यांनी बारा नावं वळणदार अक्षरात पुन्हा लिहिली, गलबतं फिरवली आणि एकेक करून खडूच्या किनाऱ्याला हलकेच टेकवली. “दमानं प्या रं बाबांनू,” असं काहीतरी ते पुटपुटले.

चाल माझी होती. बंदर समोर उघडं पडलेलं. मला ते नको होतं, पण शब्द दिला होता. मी फासे टाकले, आणि मेले नेमके सहा-सहा पडले, वारा थेट बंदराकडं. मामांचं तिकडं लक्षच नव्हतं.